हलका चाप

स्प्रिंग—नव्या पाकिटातली, करंगळीच्या पेराहून जेमतेम लांब, जुनीपेक्षा केसभर बारीक तारेची—चिमट्यात थरथरत होती, आणि ही थरथर स्प्रिंगची की आपल्या बोटांची, हे जालिंदरला ठरवता येईना. निम्मं आयुष्य फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं, उरलेलं इथं कतारला, दोह्यातल्या या शूटिंग क्लबच्या वर्कशॉपात चाललंय. बोटं कधी थरथरली नव्हती. एसी जास्त असेल, त्यानं ठरवून टाकलं. इथं काहीही एसीच्या नावे टाकता येतं—सर्दी, सांधे, स्वभाव...

टेबलावर क्लबचं पिस्तूल सुटं पडलं होतं. या जातीच्या पिस्तुलात पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड ओढावा लागतो, कारण पडलेला घोडा, गोळीवर आदळणारी मागची हातोडी, त्या एकाच ओढीत मागं उचलायचा असतो आणि सोडायचाही असतो. एकदा पहिली सुटली की पुढचं पिस्तूलच बघतं. घोडा आपोआप मागं चढून बसतो, आणि दुसरी—नुसतं बोट टेकलं, की गेली.

"काका, पहिलाच शॉट वाया जातो हो," पियूष म्हणाला होता. पुण्याचा, इथं कुठल्याशा बँकेत, कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आत एक तरी ट्रॉफी घरी न्यायची म्हणणारा. "दुसऱ्यापासून बघा, सगळे आत. तेवढी पहिली ओढ दुसरीसारखी हलकी करून द्या ना."

"पहिली जड असते ती उगीच नाही, साहेब."

"मग?"

"तेवढ्यात माणसाला विचार बदलता येतो."

"कागदाच्या टार्गेटवर कसला विचार, काका!" पियूष हसला, आणि मॅनेजरची मंजुरीही घेऊन आला. जालिंदरनं त्याला मनातल्या मनात खतावून टाकलं—जमा: गोड जीभ, नावे: सराव. ज्याला घाम नको असतो त्याला सुटा भाग हवा असतो. माणसांची अशी खाती मांडायची त्याला जुनी खोड. क्लबात येणारा एकही माणूस त्यातून सुटला नव्हता. फक्त एका खात्यावर बरेच दिवस शाई वाळत नव्हती...

शशिकला, त्याची बायको. तिनंच कधीतरी विचारलं होतं, तिथं तुम्ही नेमकं करता काय हो? तो म्हणाला, चाप बसवतो. ती पीठ मळता मळता खळखळून हसली होती—"आम्हाला बसवता तो कमी पडला का, म्हणून अरबांना?" तेव्हा तोही हसला होता. मराठीत सोडायचाही चाप आणि आवरायचाही चाप, यात तेव्हा नुसती गंमत होती.

मग अल अझीझियातली ती गणपतीची आरती. हॉलभर इंजिनियर आणि त्यांच्या बायका, प्रत्येकीच्या तोंडी नवऱ्याचा हुद्दा, आणि शशिकला मोदकाचं ताट हातात घेऊन, हसत, "आमचे हे ना, बंदुका पुसतात!" सगळे हसले. खोटं काय होतं त्यात? पुसतोच की मी. पण घरी येईपर्यंत गाडीत ते हसू त्याच्या कानात वाजत राहिलं, आणि दार लावल्यावर—

किती जड होता तो हात. त्याला आठवतं, खांद्यापासून उचलताना मध्ये किती जागा होत्या थांबायच्या... आईनं लहानपणी घातलेली, बाईवर हात न उचलण्याची शपथ होती, लेकीच्या, ईशाच्या खोलीतला दिवा होता, शशिकलाचा अजून अर्धवट हसणारा चेहरा होता—मार पडणार आहे यावर तिचा विश्वासच बसला नव्हता, ती मागंसुद्धा सरली नाही. त्या सगळ्या जागा ओलांडून हात गेला. रात्रभर तो जागा राहिला, आणि सकाळी त्यानं ते उचंत खात्यात टाकलं. नंतर कधीतरी योग्य ठिकाणी वळतं करू. अपमान झाला होता, कारण होतं, एकदाच झालं.

दुसऱ्या वेळचं कारण त्याला आठवत नाही. खुपतं ते हेच. खूप आठवून पाहिलं—भाजी? फोन? ईशाची फी?—काही नाही. हात गेला होता, एवढंच. वाटेत थांबायची एकही जागा लागली नाही.

शशिकला रडली नव्हती. तव्यावरची पोळी उलटून, पाठमोरीच म्हणाली, "तिसऱ्यांदा नाही हं. तिसऱ्याला मी न् ईशा सिन्नरला. तुम्ही राहा इथं पुसत." आवाजात राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं...

"उस्ताद, खलास?" रेंजवरचा अश्फाक दारातून डोकावला.

स्प्रिंग बसली होती, चाप बसला होता. जालिंदरनं पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा तपासून त्याच्या हातात दिलं. अश्फाकनं वाळूच्या पेटीकडे नळी धरून चाप ओढला, आणि भुवया उंचावल्या.

"मक्खन! कसम से, उँगली को पता भी नहीं चला."

"बस झालं, ठेव," जालिंदर मराठीतच ओरडला. अश्फाकला शब्द कळले नसावेत, आवाज कळला. तो हळूच पिस्तूल ठेवून गेला.

एक तपासणी राहिली होती. पिस्तुलाच्या कडेला एक छोटी कळ असते. चढलेला घोडा, गोळी न सुटता, खाली उतरवणारी. जालिंदरनं घोडा मागं ओढला, कळ दाबली. टक. पुन्हा ओढला. टक. बनवणाऱ्यानं मोठा विचार केला होता—चढलेलं उतरवायचीही सोय हवी. तो कितीतरी वेळ घोडा चढवत आणि उतरवत बसला, आणि आपण काय तपासतोय हे लक्षात आल्यावर त्यानं फडक्यानं झाकून पिस्तूल कपाटात ठेवलं. पियूषची ट्रॉफी पियूषला लखलाभ.

फरीज बिन ओमरानमधल्या घराचा जिना चढताना त्यानं ठरवलं, आज बोलायचं. माफी असा शब्द नाही... पण काहीतरी. येताना त्यानं केळ्यांचे वेफर घेतले होते, तिला आवडतात ते.

शशिकला टेबलाशी मेथी निवडत होती, ईशा समोर लॅपटॉप उघडून. त्यानं पुडा टेबलावर ठेवला.

"आज लवकर?" शशिकलानं विचारलं. सरळ, साधं. घोडा उतरलेलाच आहे की, त्याला वाटलं, उगीच घाबरलो.

"काम झालं लवकर. उकडतंय किती इथं."

"एसी बंदच केलाय. हिला शिंका येतात. रिमोट फ्रिजवर आहे."

फ्रिज तिच्या पाठीमागं होता. तो गेला, तिच्या खांद्यावरून हात वर केला—

शशिकलाचे डोळे मिटले.

नुसते मिटले. मान खाली गेली, मेथीची काडी धरलेली मूठ कानाशी आली, आणि हे सगळं इतकं हलकं, इतकं बिनआवाज, की तिचं तिलाही कळलं नसावं. पहिल्या वेळी मागं न सरलेली बाई. त्यानं मात्र हिशेब नेहमी आपल्याच हाताचा मांडला होता; दोन वेळा, फक्त दोन... या बाजूला काय काय बारीक झालं, काय काय आता नुसत्या सावलीनं सुटतं, हे कुठल्याच खात्यात नव्हतं.

"मम्मा?" ईशानं लॅपटॉपवरून मान वर केली. तिनं आईकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?"

"रिमोट," तो म्हणाला.

बोटांना रिमोट लागला होता, प्लास्टिक गरम होतं. आता हात खाली आणायचा होता. शशिकला तशीच, डोळे मिटून. त्यानं पाहिलं, हाताच्या वाटेत आज जागाच जागा होत्या, थांबायच्या, आणि तो प्रत्येकीवर थांबू शकत होता. पण हात कसा, किती हळू आणला, म्हणजे तो नुसता खाली येतोय असं तिला वाटेल, हे काही केल्या त्याला कळेना.