पायरीवरचा डाग

बादलीचा कान, एका बाजूने निखळत आलेला.

काचेच्या ताटलीत सुकलेला गुलाबी थर.

वहिनीचा टोमणा: "माणसांना नावं ठेवून झाली, आता जंतूंना ठेवताय?"

दारावर चिठ्ठी: पायरीला हात लावू नये.

चिठ्ठी नणंदेने चिकटवली होती. ती प्रयोगशाळेत जिवाणूंचं काम करायची. भावाच्या दारातल्या दगडी पायरीवर गुलाबी डाग होता आणि त्या डागात तिला जगात कुठेच नोंद नसलेली जात सापडली होती. पण जिवंत जिवाणू संग्रहालयात जमा केल्याशिवाय नव्या जातीला कुणी विचारत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या ताटल्या एकेक करून मान टाकत होत्या. उरली ही पायरी. वहिनीच्या तर डाग दिसला की अंगात यायचं. म्हणून चिठ्ठी.

आज नणंद नमुना खरवडायला आली, तर डाग राखाडी. नखाने भुगा झाला.

"ॲसिड ओतलंत ना, वहिनी?"

"वन्सं, तोंड सांभाळा."

"मग मेला कसा?"

"मला काय विचारता? मी काय त्याची सुईण?"

"पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता तुमच्या."

"खुपणारच! माझ्याच दारात चोरासारखी ढांगा टाकत आत-बाहेर करते. रोज धुण्याचं साबणपाणी पायरीवर ओतायचे, तेही बंद केलं. भरली बादली मागच्या मोरीपर्यंत नेऊन कंबरेचा काटा ढिला झाला. तुमच्या हुकमापायी एक थेंब पडू दिला नाही!"

नणंदेचा हात थांबला. ताटल्यांमध्ये तिने त्याला सगळं शुद्ध दिलं होतं. साबण तेवढा नव्हता.

"वहिनी," तिचा आवाज खाली आला, "आजपासून परत ओता."

"अगंबाई! लाडक्याला साबण लागतो होय?" वहिनी खुदकन हसली आणि लगेच थांबली. "मला वाचता येतं, वन्सं. हात लावू नये."

दाराशी आजची बादली भरून ठेवलेली होती. नणंदेने तीच उचलली. कान हातात आला, निम्मं पाणी तिच्या पायांवर आणि निम्मं दगडावर सांडलं. राखाडी भुगा फेसाबरोबर गटाराकडे निघाला. ती ओंजळीने अडवत राहिली.

"ॲसिडचा आळ घेतलात माझ्यावर," वहिनी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पहिला नमुना घेतला त्या सकाळी पायरीवर साबणाचा फेस होता. नणंदेने तो आधी नीट पुसून काढला होता आणि मग खरवडायला घेतलं होतं.