सरासरीत हरवलेला वारा

ज्याच्याजवळ बसून विद्या घेतली, त्याचा प्रमाद त्याच्याच समोर उच्चारणे शिष्याला फार जड जाते. आणि तो मान्य करणे गुरूला त्याहून जड जाते. तरीही प्रमाद कळल्यानंतरचे मौन हा विद्येचा द्रोहच होय.

हेब्बाळच्या एका संशोधनसंस्थेत भगवंतराव हे समुद्रविज्ञानाचे विभागप्रमुख. अटलांटिक महासागरात उबदार पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जाते, तेथे थंड व जड होऊन बुडते आणि खोलातून दक्षिणेस परतते. हा महाप्रवाह एका वर्षी प्रबळ असतो, तर दुसऱ्या वर्षी क्षीण. हे चढउतार केवळ उष्णता व क्षार यांमुळे घडतात, वाऱ्याचा त्यांत वाटा नाही, असे भगवंतरावांनी संगणकावरील प्रयोगातून मांडले होते. त्यांची शिष्या संहिता हिचे म्हणणे निराळे होते. अनेक दशकांचा संथ बदल उष्णता-क्षारांचा असेल. वर्षावर्षाचे हेलकावे मात्र मुख्यत्वे वाऱ्याचे. विभागप्रमुखाच्या संमतीवाचून निबंध बाहेर जात नसे, आणि सात वर्षांत तिचा निबंध त्यांनी तीनदा परत केला होता.

अखेर तिने संगणककक्ष सांभाळणाऱ्या गुंडोअण्णांकडून त्या जुन्या प्रयोगाच्या फाइली मागवल्या. वाऱ्याची फाइल उघडून तिने एकेक वर्ष ताडून पाहिले. तीस वर्षांच्या वाऱ्याची सरासरी काढून एकच वर्ष तयार केले होते, आणि तेच तीस वेळा फिरवले होते.

ती तडक भगवंतरावांच्या खोलीकडे निघाली. दारात गुंडोअण्णा आडवे आले.

"अक्का, स्वल्प थांबा. सर आज रागात आहेत."

"सरी, अण्णा," तिने त्यांच्याच कन्नडात होकार दिला. "मग दोघंही रागात बोलू."

भगवंतरावांनी मान वर न करता विचारले, "वाऱ्याची वकिली अजून संपली नाही का?"

तिने संगणक त्यांच्यापुढे ठेवला. "सर, तुमच्या प्रयोगात दर वर्षी तोच वारा वाहतोय. जो स्वतः बदलतच नाही, तो वारा प्रवाहात बदल कसा घडवेल? तुम्ही वाऱ्याला साक्षीला बोलावलंच नाही, आणि तो गप्प होता म्हणून निकाल दिलात."

त्यांनी फाइल पाहिली, पुन्हा पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"ही मीच केली होती," ते म्हणाले. "चाचणीपुरती. बदलायची राहिली."

"सात वर्षं तुम्ही मला हट्टी म्हणालात. एकदाही ही फाइल उघडली नाहीत."

संहितेच्या निबंधावर त्यांनी संमतीची सही केली. मग आपला जुना निबंध मागे घेत असल्याचे पत्र तिच्यादेखत लिहिले. तिने दोन्ही कागद उचलले. आभार मानले नाहीत. नमस्कारही केला नाही. तिचा राग जिन्यावरही उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी घाई कोणी करू नये.

सही करणाऱ्या त्या वृद्ध हाताला बळ लाभो. तिच्या मनाला, योग्य वेळी, शांती लाभो.