रिकाम्या गाडीचं वजन

चाळीस वर्षं त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर काढली. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी केली की उरेल तो माल. माणूस सरळ, पण हट्टी असा की विचारू नका.

प्रोस्टेटचा कर्करोग उलटला आणि उजव्या खुब्याच्या हाडात उतरला. आता बरं होणं नाही, हे सर्जननी स्पष्टच सांगितलं. गोळ्यांनी हात टेकले होते. राहिलं होतं एक ऑपरेशन: त्या बाजूचं दुखणं मेंदूकडे नेणारे मणक्यातले तंतू कापायचे. आयुष्य वाढणार नव्हतं, दुखणं तेवढं थांबलं असतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण कसलं काय! आत सगळं बधिर होतं.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?" सर्जननी विचारलं.

"तीन."

"मग नको, काका. पाय लुळा पडायचा धोका आहे. तीनसाठी मी तो घेणार नाही."

तीन? सहा महिने हा गृहस्थ खुर्चीला टेकला नव्हता. ओट्याशी उभ्याने जेवायचा आणि सोबत म्हणून तीही उभ्यानेच जेवायची.

"अहो, तीन कुठून काढलेत?"

"सात तर रोजचंच आहे. ते कशाला धरायचं? आज दहा आहे. सात वजा केले."

"कर्म माझं!" तिने कपाळावर हात मारला. "डॉक्टर माल विचारत नाहीयेत हो, अख्खी गाडी विचारतायत!"

सर्जननी तीन खोडून दहा लिहिलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते खुर्चीत बसले. नीट, दोन्ही बाजूंवर भार टाकून. उजव्या पायाला गरम-गार कळत नव्हतं, पण पाय चालत होता. नर्सने आकडा विचारला.

"शून्य. काही वजा न करता," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती. "आणि तुझं किती गं?"

"माझं काय मेलं," ती म्हणाली. "असेल दोन-तीन."

"गाडीसकट सांग."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आकडा सांगायला तोंड उघडलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.