मावशीची बिनकारणाची रजा

मित्रांनो, जरा हळू बोला. खोलीत बाळं झोपली आहेत, आणि त्यांना झोपवता झोपवता माझे सांधेही आत्ता कुठे शांत झालेत. मी खिडकीजवळची झुलती खुर्ची. माझं वय विचारू नका. लाकडाचं वय झाडापासून धरायचं की खुर्चीपासून, हे मला अजून कळलेलं नाही.

झाड होते तेव्हाचं फारसं काही आठवत नाही. वारा तेवढा आठवतो. एका सुताराने मला घडवलं, बायकोचे दिवस भरत आले होते म्हणून घाईघाईने. त्या घाईत माझ्या खालची एक वाकवलेली पट्टी दुसरीपेक्षा जराशी लांब राहिली. त्यामुळे मी सरळ झुलत नाही, किंचित तिरकी झुलते. सुताराला ते खटकलं. तो रंधा घेऊन आला, पण तोवर बाळ जन्माला आलं होतं, आणि माझ्या तिरक्या झुलण्यावर ते जे झोपलं ते झोपलंच. 'आता खुर्चीला हात लावाल तर बघा,' असं बायकोने त्याला बजावलं. माझ्या व्यंगाचंच असं कौतुक झालं बघा. पुढे त्यांची पोरं मोठी झाली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. अंगावर जुने कपडे, त्यांच्यावर धूळ. बरीच वर्षं मी तशीच पडून होते. मग कोणाला तरी माझी आठवण झाली आणि मी या पाळणाघरात आले.

इथल्या खिडक्यांना निळे पडदे आहेत. दुपारी ते ओढले की खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. आवाज लांबून येतात. मग एकेक बाळ कोणाच्या तरी मांडीवरून माझ्यापर्यंत पोचतं. तुम्ही झोप कशी ओळखता ते मला माहीत नाही, मला ती वजनात कळते. जागं बाळ हलकं असतं, त्याचं अर्धं अंग अजून खेळात असतं. डोळा लागला की तेच बाळ जड होतं. त्या क्षणी मलाही गुंगी येते आणि पुन्हा तो जुना वारा लागल्याचा भास होतो.

या खोलीत माणसं तीनच. बाई, म्हणजे पाळणाघराच्या मालकीण. त्या दारापाशी टेबल टाकून बसतात, फोन घेतात, आईबापांशी बोलतात. दुसरा दादा, तरणाताठा, एका हाताने बाळ उचलून दुसऱ्या हाताने लंगोट बदलणारा. आणि तिसरी मावशी. रांगत्या बाळांच्या खोलीत एका वेळी दोन मोठी माणसं हवीतच, असा नियम आहे. त्यामुळे एक माणूस रजेवर गेलं तर कसंबसं निभतं. दोन गेली तर दार बंद.

मावशीने लग्न केलं नाही. दादाच्या आधी इथे एक ताई होती, तिच्या दोन्ही बाळंतपणांच्या रजा मावशीने निभावून नेल्या. बाईंच्या लेकीचं लग्न निघालं तेव्हा मावशीच होती, आणि बाईंचा गुडघा धरला तेव्हाही मावशीच. कोणाची सुट्टी निघाली की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या. तिने कधी कुरकुर केली नाही, आणि मग लोकांनी तिला विचारायचंही सोडून दिलं. याचा मला राग यायचा. पण खुर्चीच्या रागाला कोण विचारतो?

गेल्या थंडीत मावशीने पहिल्यांदा रजा मागितली. बाईंनी मान वर करून पाहिलं.

"काही विशेष? कोणाचं काही दुखलंखुपलं का?"

"नाही हो, बाई."

"मग जाणार कुठे?"

"समुद्राकाठी एक खोली मिळतेय. नुसती पडून राहीन म्हणते."

बाई हसून हो म्हणाल्या. उन्हाळ्यातले दोन आठवडे ठरले. त्या दिवसापासून मावशी झोपत्या बाळांना त्या खोलीबद्दल सांगू लागली. खोलीत एक पलंग आहे, खिडकी उघडी आहे, बाहेर लाटा येतात नि जातात, आणि कोणीच रडत नाही. रडलंच तर उठायचं दुसऱ्या कोणीतरी. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण ती बोलायची आणि मी झुलायचे, आणि मला वाटायचं की तो असाच किंचित तिरका झुलत असेल.

उन्हाळा आला आणि दादाच्या घरचं गणित बिघडलं. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. डॉक्टरांनी आधी सांगितलेली तारीख मावशी परत आल्यानंतरची होती. आता ते म्हणाले, बाळ लवकर येईलसं दिसतंय, हिने पडून राहायचं, जवळ कोणीतरी हवंच. घरात तिसरं माणूस नव्हतं. दादाने रजा मागितली, ती नेमकी मावशी जाणार त्याच दिवसांत.

बाईंनी बदली माणूस शोधायची शिकस्त केली. एक मुलगी आलीही. दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडली ती गेलीच. शेवटी बाईंनी मावशीला टेबलाशी बोलावलं.

"तू तुझं जरा पुढे ढकल ना. त्याला बाळ होतंय. तुझं काय, तू सडीफटिंग, कधीही जाशील."

"बघते," मावशी म्हणाली.

दादाच्या कानावर ते 'बघते' पडलं आणि त्याला झोंबलं. "बाळापेक्षा समुद्र मोठा झाला का?" असं तो बाईंना म्हणाला, मावशीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. झालं. दोघांचा अबोला सुरू झाला.

आमच्याकडे बाळ एका हातातून दुसऱ्या हातात जातं तेव्हा त्याच्याबरोबर चार शब्दही जातात. दूध झालं, ढेकर झाला, डोळे चोळतोय. अबोल्याच्या दिवसांत बाळं तेवढी जात राहिली, शब्द राहून गेले. आमच्याकडे एक गुबगुबीत बाळ आहे, सगळे त्याला ढब्बू म्हणतात. त्याने दादाकडून बाटली संपवली, आणि मावशीकडे येताच असा चेहरा केला की जणू सकाळपासून उपाशी आहे. मावशीने दुसरी बाटली दिली. शहाण्या मुलासारखी त्याने तीही संपवली. मी दोनदा झुलले असेन नसेन, तोच सगळं बाहेर. मावशीच्या अंगावर, धावत आलेल्या दादाच्या शर्टावर आणि माझ्या दोन्ही हातांवर. ढब्बूला मात्र एकदम हलकं वाटलं आणि तो हसायला लागला.

दोघं फडकी घेऊन मला पुसायला बसले.

"विचारायचं ना मला," दादा म्हणाला.

"सांगायचंस ना तू."

मावशीने फडकं पिळलं. मग म्हणाली, "तुझं बाळ येतंय, मला आनंदच आहे रे. पण दर वेळी कोणाचं ना कोणाचं काहीतरी येतंच. मग मी जायचं कधी?"

"मी कुठे जाऊ नका म्हणतोय? पण तुमचं तसं काही अडलेलं नाही, मावशी."

"नाही अडलेलं. मी दमलेय. दमायला घरात पोरं असावी लागतात का?"

दादाने फडक्याची घडी घातली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण मला तरी दुसरं कोण आहे? ती घरात एकटी पडून असते. फोन वाजला की आधी तिचंच नाव दिसतं का ते बघतो."

मित्रांनो, दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर ते भांडण मिटेना. मी आजवर नेहमी बाळाची बाजू घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

मावशीच्या रजेच्या आदल्या दिवसापर्यंत काहीच ठरलं नाही. दुपारी पडदे ओढल्यावर ती ढब्बूला थोपटत म्हणाली, "संध्याकाळी फोन करते आणि खोली सोडून देते. नाहीतरी एकटीने तिथे काय करणार होते मी?" तिने ढब्बूला अंथरुणावर ठेवलं आणि रिकाम्या मांडीने परत माझ्यात येऊन बसली. एरवी ती अशी कधी बसत नाही.

हळूहळू ती जड झाली. हे वजन मला चांगलं ओळखता येतं. मावशीचा डोळा लागला होता. खाली बसून लंगोटांच्या घड्या घालणाऱ्या दादाने वर पाहिलं. त्याने हाक मारली नाही. माझ्या पट्टीवर हलकेच पाय टेकवला आणि तो मला झुलवू लागला. इतक्या वर्षांत एवढं मोठं माणूस मी पहिल्यांदाच झोपवत होते. पडद्यातून निळा उजेड येत होता आणि आम्ही सगळेच कुठेतरी वाहत निघाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात दादाचा फोन थरथरला. शेजारी त्याच्या बायकोला दवाखान्यात नेत होते. तो चपला हातात घेऊन बाईंच्या टेबलाशी गेला, काहीतरी कुजबुजला आणि तिथेच थांबला. खोलीत दोन माणसं जागी हवीत, हे त्यालाही ठाऊक होतं. बाई लगबगीने मावशीला उठवायला आल्या. त्यांचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थबकला.

मावशी गाढ झोपेत थोपटत होती. मांडीवर कोणी नव्हतं, तरी तिचा हात एका लयीत चाललाच होता.

बाईंनी हात मागे घेतला. मग दादाला म्हणाल्या, "जा तू. मी ढब्बूच्या आईला बोलावून घेते, ती जवळच राहते."

"आणि उद्यापासून?"

"उद्या मावशी जातेय. बाकीचं मी बघते."

ते दोन आठवडे विचारू नका. बाई पहिल्यांदाच माझ्यात बसल्या, अगदी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. रोज एक आई नाहीतर एक बाप आपल्या कामावर रजा टाकून मदतीला यायचा. हिशेबनीस असलेल्या एका आईने मला इतकं भरभर झुलवलं की बाळाऐवजी मलाच भोवळ आली. एक बाप बाळाला थोपटत बाईंना सांगत होता, "आमच्या ऑफिसात आम्ही दोघंच. मी इथे आलो म्हणून दुसरा तोंड फुगवून बसलाय." बाई म्हणाल्या, "मग पुढची सुट्टी आधी त्याला घेऊ द्या." दादाला मुलगी झाली. लहानशी आहे, पण आवाज खणखणीत आहे म्हणतात.

मावशी परत आली ती उन्हाने काळवंडून.

"काय काय केलंस?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"एक दिवस तर दात घासायला दुपारी उठले."

बाईंना इतकं हसू आलं की बाळं उठतील म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कधी जायचं ते आत्ताच सांगून ठेव. आणि कारण नको सांगूस."

मावशी माझ्यात बसली, आणि तिच्या हातांतला ताण गेलाय, हे मला लगेच कळलं.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना अधूनमधून तेल मिळालं तर मी नको म्हणणार नाही. पण माझं मागणं ते नाही. तुम्हालाही कधीतरी कोणीतरी थोपटून झोपवलं असेल. ते माणूस अजून तुमच्या आसपास असेल, तर आज त्याला विचारा, तुमची झोप झाली का? आणि ते 'हो, हो, झाली' म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका.