आटणारं विमान

भुजंगरावांनी ओल्या फडक्यानं काल सकाळची उरलीसुरली पांढरी रेष पुसली, दोन पावलं मागं सरकले आणि वाटीतली रांगोळी चिमटीत घेऊन नवी रेष ओढली. गुडघा कुरकुरला. पलीकडच्या दारात सडा घालणाऱ्या नागरत्नानं बादली खाली ठेवली.

"काय हो, विमान आणखी आटलं? गरम पाण्यात धुतलं की काय?"

"हळू बोल ग, अम्मा. खिडकी उघडी आहे."

"आणि माझी रांगोळीची वाटी?"

"सुम्ने, उगाच ओरडू नको. आणून देतो."

कानडी मुलखातल्या नजरबादच्या त्या गल्लीत भुजंगरावांच्या विमानाबद्दल माहीत नसलेलं माणूस सापडणं कठीण होतं. ऐन तारुण्यात ते हवाई दलात रिगर होते, म्हणजे विमानाच्या अंगाची डागडुजी करणारे. पुण्याच्या तळावर चार इंजिनांची लिबरेटर विमानं होती, लढाईत वापरलेली. त्या विमानाच्या सावलीत भुजंगरावांनी आतापर्यंत शंभर पानांची पंगत बसवली होती. एकदा एक गडी पंखाच्या पोटात दुपारचा डोळा लागून झोपला, तो जागा झाला अंदमानात आणि बोटीनं परत आला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो नागपुरात जागा झाला होता. पंखाची लांबीही अशीच दर दसऱ्याला दहा फुटांनी वाढायची.

त्यांच्या बायकोनं, वनजाबाईंनी, हे सगळं त्रेपन्न वर्षं ऐकलं होतं. विमान मात्र पाहिलं नव्हतं. लग्नाच्या चार वर्षं आधीच ती विमानं मोडीत निघाली होती.

आषाढात वनजाबाईंची डावी बाजू गेली. हृदयही थकलेलं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, जितकं होईल तितकं, एकदा अंथरूण धरलं की मग अवघड आहे. पण बाई पलंगावरून हलेनात. तेव्हा भुजंगरावांनी शेजाऱ्याकडून टेप आणली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या विमानाचं खरं माप आठवून आखलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकशे दहा फूट. अर्धं धरलं तर पंचावन्न. आपलं गेट म्हणजे विमानाचं पोट. तिथून कंपाउंडच्या भिंतीला धरून पहिलं इंजिन, दुसरं इंजिन आणि नागरत्नाच्या दारापाशी पंखाचं टोक. रांगोळीच्या तीन रेषा.

"पाहायला नाही मिळालं तर नाही," ते म्हणाले होते, "चालून तर बघ."

वनजाबाई हसल्या होत्या आणि उठल्या होत्या. पहिले पंधरा दिवस त्या रोज टोकाला जायच्या. भिंतीला हात, नजर पायांवर, मागून खुर्ची घेऊन भुजंगराव. मग एका सकाळी टोकाच्या अलीकडं थांबल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की दुसऱ्या दिवशी भुजंगराव पहाटे उठले. रेषा तशाही गाड्यांखाली रोज पुसल्या जात. थोडी अलीकडं ओढली तर कोण बघतंय. बाई टोकाला पोचल्या. तेव्हापासून विमान आटत चाललं होतं. आयुष्यभर फुगवत आलेल्या माणसाला आखडतं घेणं जड जात होतं, पण हात सरावला.

आत फोन वाजला. भुजंगराव वाटी तशीच हातात घेऊन धावले.

पावनी होती. नात अमेरिकेत शिकायला गेली होती, आणि तिथल्या वाळवंटातल्या एका म्युझियममध्ये ताताचं, म्हणजे आजोबांचं, विमान आहे असं कळल्यावर बसनं सात तास प्रवास करून पोचली होती. तिथं संध्याकाळ होती.

"ताता! अज्जीला दाखव, लवकर. पाच मिनिटांत क्लोज करतात हे लोक."

भुजंगरावांनी फोन वनजाबाईंच्या समोर धरला. पडद्यावर एक बुटकं, पोट सुटलेलं विमान दिसलं. त्याच्या शेजारी एक प्रचंड जेट उभं होतं.

"अज्जी, सो स्मॉल आहे ग! ते बाजूचं बघ. मी दोन्हींची विंग चालून बघितली. ताताचं फॉर्टी फाइव्ह स्टेप्स. ते दुसरं सेव्हंटी सिक्स! त्याच्या खाली हे पिल्लू दिसतं, कोंबडीचं."

"ते नंतरचं आहे," भुजंगराव घाईनं म्हणाले. "जेट आहे ते. आमच्या वेळी हेच सगळ्यात..."

"आयतु, बरं ताता, मी कुठं नाही म्हणते?"

वनजाबाईंनी फोन जवळ ओढला. डोळे बारीक करून बघितलं.

"पंचेचाळीस पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत?"

"हो अज्जी. माझी पावलं हं, मोठी."

"म्हणजे अर्ध्याला माझी साठ होतात," वनजाबाई म्हणाल्या. "होतीही पहिल्यांदा. आता आमचं एकोणीसच पावलांचं आहे."

पावनीला ते समजलं नाही. कुणीतरी तिला बाहेर बोलावत होतं. तिनं हात हलवला आणि पडदा काळा झाला.

भुजंगराव वाटीतल्या रांगोळीकडं बघत उभे होते. बोटांना पांढरं लागलं होतं. ते त्यांनी धोतराला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"तू मोजत होतीस?"

"खाली बघून दुसरं काय करणार?" वनजाबाईंनी पदर सारखा केला. "रोज पहाटे उठून वाकता. गुडघ्याचा आवाज इथपर्यंत येतो हो."

त्यांनी वाटी दुसऱ्या हातात घेतली.

"खरी होती तिथं ओढा. तेवढं एकदा बघते."

उजाडलं होतं. भुजंगरावांनी टेप लावली आणि तिन्ही रेषा जिथल्या तिथं ओढल्या. शेवटची ओढायला नागरत्नाच्या दारापर्यंत जावं लागलं. ती बादली बाजूला सारून बघत होती.

वनजाबाई गेटातून बाहेर आल्या. भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, आणि आज पहिल्यांदा त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. मग निघाल्या. भुजंगराव मागं खुर्ची घेऊन. आठ पावलं. नऊ. दहाव्याला त्या थांबल्या. पहिल्या इंजिनाची रेष पुढं हातभर होती. श्वास वर खाली होत होता. भुजंगरावांनी खुर्ची सरकवली, त्या बसल्या.

"स्वल्प थांबू," ते म्हणाले. "मग पुढं."

वनजाबाईंनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

"काय वनजाक्का, कुठवर आलात?" नागरत्नानं दारातून विचारलं.

वनजाबाईंनी आधी श्वास जमू दिला.

"टोकाला जाऊन आले ग," त्या म्हणाल्या. "वर आणखी चार पावलं. अंदमान दिसलं."

नागरत्नानं समोरच्या न ओलांडलेल्या रेषांकडं पाहिलं. "झोपलेला गडी भेटला का?"

"भेटला. अजून उठायचाय."

या गोष्टीत घालायला भुजंगरावांकडं नेहमी काहीतरी असे. आज त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

दुधाची गाडी गल्लीत शिरली. दुसऱ्या इंजिनाची रेष चाकाखाली फरफटत गेली, मग टोकाची. रोज ते धावत जाऊन पुन्हा ओढत. आज वाटी भिंतीवर होती, आणि ते खुर्चीशी उभे राहिले.