अँटवर्पच्या घरांचं काय झालं

विभा गेल्याचं कळलं तेव्हा तिचा नवरा विश्वास बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, तिची जागा राखून बसला होता. समोरच्या स्टुलावर जागा धरल्याची इथली खूण, टिश्यूचं पाकीट; टेबलावर दोन कप कोपी, इथली दाट कॉफी. तिची कोपी निवत चालली म्हणून तो चिडला होता. तेवढ्यात फोन वाजला. विभा एमआरटी मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर कोसळली होती. हॉस्पिटलमधली बाई "लगेच या" एवढंच म्हणत होती. त्याने खोदून विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं. ते ऐकूनही तो म्हणाला, "म्हणजे तिला यायला उशीर होईल का?"

त्या शनिवारी ती त्याला तिच्या पुस्तकाचं सहावं प्रकरण सांगणार होती.

विभा इतिहासाची अभ्यासक. बुओना व्हिस्टाजवळ तिचं ऑफिस होतं आणि सहा वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती: साडेचारशे वर्षांपूर्वीचे युरोपातले राजे कर्ज काढायचे, बुडवायचे, आणि तरी त्यांना पुन्हा कर्ज मिळायचं. ते का? पुस्तक इंग्रजीत होतं, पण तिची एक रीत होती. प्रत्येक प्रकरण आधी नवऱ्याला मराठीत सांगायचं, शनिवारी, याच टेबलावर. त्याला कळलं तरच ते पक्कं करायचं. विश्वास कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायचा. इतिहासाशी त्याचा संबंध शाळेतच संपला होता. म्हणूनच तिला तो हवा असायचा.

"स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने चार वेळा हात वर केले," ती सांगायची. "आणि जिनोव्हाचे सावकार पुन्हा त्याच्या दारात."

"मूर्खच होते मग."

"नव्हते ना! तो सगळं बुडवत नव्हता. देणं थांबवायचा, तडजोड करायचा, व्याज कमी करून मुदत लांबवायचा. आणि सावकारांना ठाऊक असायचं की याला पुन्हा पैसा लागणार, आणि तो आपल्याशिवाय कुणी देणार नाही." मग ती टिश्यूच्या पाकिटावर बोट ठेवायची. "हे बघ. दहा सेंटचं पाकीट. पण हे ठेवलेल्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. का?"

"कारण उद्या त्यालाही अशीच जागा धरावी लागणार आहे."

"शहाणा आहेस रे. चल, पराठा आण."

ती गेल्यावर चार महिन्यांनी मैत्रेयीचा फोन आला. मैत्रेयी पुण्याची, विभाच्या हाताखाली काम करणारी. प्रकाशकाला महिनाअखेर पुस्तक हवं होतं. मैत्रेयीचा इथे काम करायचा पासही डिसेंबरात संपत होता, त्यानंतर ती पुण्याला परत जाणार. विभाने मागे ठेवलेला सहाव्या प्रकरणाचा कच्चा मसुदा तिने नीट लावला होता. विश्वासने हो म्हटलं की ते विभाच्या नावाने छापायला जाणार होतं.

"दादा, एकदा ऐकता का?" ती म्हणाली. "ताईंची पद्धत होती ना, म्हणून."

त्या टेबलाकडे तो चार महिने फिरकला नव्हता. शनिवारी तो जाईला घेऊन गेला. जाई त्यांची मुलगी, पंधरा वर्षांची. मैत्रेयीने आधी येऊन तीन पाकिटं ठेवून जागा धरली होती.

मैत्रेयीने सगळं सांगितलं. १५७५मध्ये फिलिप राजाने देणं थांबवलं. फ्लँडर्समध्ये बंडखोरांशी लढणाऱ्या त्याच्या फौजेचा पगार जिनोव्हाचे सावकारच पोचवायचे, त्यांनीही हात आखडले. पगार थकलेले शिपाई बिथरले. पुढच्या वर्षी त्यांनी राजाच्याच राज्यातलं अँटवर्प शहर लुटलं, जाळलं, हजारो माणसं मारली. वर्षभराने राजाची आणि सावकारांची तडजोड झाली आणि कर्ज पुन्हा सुरू झालं. यावर तिने किती रात्री घालवल्या असतील, असं विश्वासला वाटलं.

"समजलं," तो म्हणाला. "छान झालंय. पाठवून दे."

मैत्रेयीने श्वास सोडला. "नक्की ना, दादा?"

"नक्की."

जाईने मोबाईलवरून डोळे वर केले. "नॉट नक्की लाह," ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

"जाई!"

"बाबा, तुम्हाला समजलं की तुम्ही भांडता. नाही समजलं की 'समजलं' म्हणता. आई सेड सो. तुम्ही 'समजलं' म्हणालात की ती घरी येऊन सगळं परत लिहायची."

विश्वासला हसू आलं. त्याने कोपीचा कप दोन्ही हातांत धरला. विभाला हे ठाऊक होतं आणि ती त्याला कधी बोलली नव्हती.

"दादा, काय अडतंय ते सांगा ना," मैत्रेयी म्हणाली. "मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण सांगा."

"तडजोड कुणाकुणात झाली?"

"राजा आणि सावकार."

"शिपायांचं?"

"त्यांना नंतर मिळालं. बरंचसं."

"आणि ज्यांची घरं जळली ते? त्यांनी काय कर्ज दिलं होतं की घेतलं होतं? देणं थांबवलं राजाने, अडून बसले सावकार, आणि जळलं तिसऱ्याचंच घर. त्यांचं कुणी काय केलं?"

मैत्रेयीने लॅपटॉप उघडला, मसुदा खालीवर सरकवून बघितला. "मसुद्यात ताईंनी तिथे एक ओळ मोकळी सोडलीय. मला वाटलं चुकून राहिली. मी ती काढून टाकली." ती लॅपटॉपकडेच बघत राहिली. "मला माहीत नाही, दादा. शोधावं लागेल. महिनाअखेर होणार नाही. माझ्याकडून डिसेंबरातही नाही कदाचित."

"मग प्रकाशकाला सांगू या, थांबा."

"ते नाही थांबले तर?"

"तर पाच प्रकरणांचं छापू देत. पण हे तिच्या नावाने असं नको."

मैत्रेयीने मान हलवली. तिने ती मोकळी ओळ होती तिथे परत घातली. एक आजोबा हातात ताट घेऊन जागा शोधत होते. जाईने उठून त्यांना स्वतःचं स्टूल दिलं, पाकीट उचलून खिशात टाकलं.

प्रकाशकाचं उत्तर अजून आलेलं नाही. अँटवर्पच्या लोकांचं काय झालं ते शोधायचं राहिलं आहे. सहावं प्रकरण लिहायचं राहिलं आहे.