माझे वडील डॉक्टर आहेत

महाडच्या आमच्या कॉलेजात फ्रेंच घेतलेल्या प्रत्येक मुलाचे वडील डॉक्टर असतात. बावीस वर्षांत एकही अपवाद नाही. बाहेरच्या कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, इथे एक तर रोगराई भयंकर, नाहीतर माणसं फारच शिकलेली. वडील डॉक्टर, आई शिक्षिका, भाऊ पॅरिसला, अंगणात सफरचंदाचं झाड आणि एक पांढरा कुत्रा. हे सगळं माझ्या एका पानावर आहे. दर जुलैत मी ते मुलांना देते, मुलं झेरॉक्स काढतात, पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून टाकतात. मुंबईहून आलेले परीक्षक अर्धवट झोपेत ऐकतात, वीसपैकी सोळा देतात आणि जेवायला उठतात.

मी दर्शना. तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कोणी नाही. कंटाळा आलाय हो आता, खोटं कशाला बोलू? तेच क्रियापदांचे तक्ते, तेच उकाड्यात पेंगणारे चेहरे, तेच 'मॅडम, हे परीक्षेला आहे का?' तिसऱ्या वर्षाला साहित्याचा एक पेपर असतो आणि एक आफ्रिकेतल्या, बेटांवरच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांवरचा. त्यांच्याही मी नोट्सच देते. मार्क पडतात म्हणून घेतलेला विषय, त्यात जीव कोण ओतणार?

सेजल मात्र जरा वेगळी निघाली. उमरठच्या वर डोंगरात त्यांची वाडी. तिथून तासभर उतरायचं, मग एस.टी.ने पोलादपूर, मग महाड. एकदा मी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं सांगत होते. ऊस, ज्वालामुखी, डोंगरात अडकलेल्या वस्त्या, असं नेहमीचं. तर ही उभी राहून विचारते, "मॅडम, तिथं रस्ता नाय तर बाळंतिणीला डोलीतून आणतात का?" मी म्हटलं, हे परीक्षेला नाही, बस खाली. तेव्हा मला तिचा रागच आला होता.

त्याच बेटावरच्या शाळांमध्ये वर्षभर मदतनीस म्हणून जायची एक योजना आहे. मी सेजलचा अर्ज भरून दिला, तोही बाकीचे दहा जण भरत होते म्हणून. त्यातून मुलाखतीला एकटी सेजल निवडली गेली. ऑनलाइन मुलाखत, सगळी फ्रेंचमध्ये. जमलं तर सप्टेंबरात विमान, नाही जमलं तर घाटकोपरला मावशीकडे राहून मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायच्या, हे तिच्या घरी ठरलेलं होतं. पंधरा दिवस मी तिला घासलं. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं. पहिलं अर्थातच माझं ते पान.

त्या पानाची गोष्ट आत्ताच सांगते. ते मी एकोणिसाव्या वर्षी पुण्याला शिकताना लिहिलं. वर्गात सगळ्या इंग्रजी शाळेतल्या मुली. कुणाचे वडील सर्जन, कुणाचे कर्नल. माझे बाबा पोलादपूरच्या शाळेत शिपाई. तोंडी परीक्षेत घरच्यांबद्दल बोलायचं होतं आणि मला लाज वाटली. लाज वाटली, दुसरं काही नाही. सुट्टीत घरी आले तर बाबांनी विचारलं, "फ्रेंचमधी आमच्याबद्दल काय सांगितलंस गो?" मी म्हटलं, चांगलं सांगितलं. ते इतके खूश झाले की शेजारी सांगून आले. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. पान अजून चालू आहे.

मुलाखत मार्चमध्ये, दुपारी बाराला. पावणेबारा झाले तरी सेजलचा पत्ता नाही. कशेडी घाटात ट्रक आडवा झालेला, पोलादपूरला तिला मिळायची ती खेडकडून येणारी एस.टी. लटकलेली. शेवटी धापा टाकत आली, बरोबर आई, काशीबाई. पोरगी कुणाशी बोलते ते बघायचं हाय, म्हणाली आणि कॉम्प्युटर रूमच्या दाराशी खुर्चीवर पिशवी मांडीत घेऊन बसली.

पडद्यावर त्या बेटावरची, माझ्याच वयाची एक बाई आली. कुरळे केस, चष्मा कपाळावर. तिने घरच्यांबद्दल विचारलं. सेजल सुटलीच. "मों पॅर ए मेद्सँ," माझे वडील डॉक्टर आहेत, इथपासून थेट पांढऱ्या कुत्र्यापर्यंत. उच्चार इतका स्वच्छ की मला वाटलं, झालं काम.

बाईने विचारलं, त्यांचा दवाखाना कुठे आहे?

हा चाळिसात नव्हता. बाईने तोच प्रश्न हळू करून विचारला. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते. वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरात 'पोलादपूर' लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. बावीस वर्षांची खोड, हात आपोआप चालला. सेजलने कागद पाहिला, मला पाहिलं, मग मान वळवून दाराशी बसलेल्या आईकडे पाहिलं. काशीबाई तिला हसली. तिला काय कळत होतं? पोरगी छान बोलतेय एवढंच.

"माफ करा," सेजल फ्रेंचमध्ये म्हणाली. "माझे वडील डॉक्टर नाहीत. ते मुंबईला वॉचमन आहेत. आई डोंगरावर नाचणी पिकवते. ती बघा, मागे बसली आहे."

मेली पोर, म्हटलं, स्वतःच्या हाताने घालवलं सगळं. पण त्या बाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नाचणी म्हणजे काय ते विचारलं. मग रस्त्याचं निघालं. मग सेजलने तो डोलीचा प्रश्न विचारला, जो मी खाली बसवला होता. बाई म्हणाली, तिच्या आजीच्या वस्तीलाही रस्ता नव्हता, खुर्चीला बांबू बांधून माणसं बाळंतिणीला खाली आणत. पुढचा अर्धा तास दोघी बोलत होत्या. सेजलची क्रियापदं जागोजागी आडवी पडत होती, तिला पर्वा नव्हती. तिला मी एवढं बोलताना मराठीतही ऐकलं नव्हतं.

शेवटी बाईने मला समोर बोलावलं. हसत विचारलं, मग मॅडम, हे डॉक्टर नक्की कुणाचे वडील?

सरळ सांगायचं होतं. नुकतं एका एकवीस वर्षांच्या मुलीने सांगून दाखवलं होतं. पण शिक्षिकेनेच खोटं पाठ करून घेतलं असं दिसेल, ही भीती वाटली आणि मी म्हणाले, ते माझ्या घरचं वर्णन आहे. मों पॅर एते मेद्सँ. माझे वडील डॉक्टर होते. बाईने आदराने मान हलवली.

सेजलची निवड झाली, आठ दिवसांनी मेल आला. ते आधीच सांगून टाकते, कारण माझं वेगळंच राहिलंय.

मी दोघींना सोडायला स्टँडवर गेले. सेजल गाडीचं विचारायला खिडकीपाशी गेली. काशीबाई पिशवीतून नाचणीचे पापड काढून माझ्या हातात देत होती.

"मॅडम, तुमी पन शेवटी तेच बोललात ना? मेद्सँ," ती म्हणाली. "पंधरा दिस चुलीपाशी बडबडत व्हती, म्हनून तेवढा एक शबुद मला म्हाईत. डागतर."

मी हो म्हटलं.

"पन तुमी सदूमामांच्या ना? घंटा द्यायचे ते. मी सातवीपातूर तितंच होते." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "आमी अनवानी यायचो माहेरच्या वाडीवरनं. सगळ्यांच्या पायातलं काटं तेच काढायचं. सुई ठेवलेली टोपीत. दुखू नाय द्यायचे."

टोपीतली सुई मला माहीत होती. बाबा ती बटणं लावायला ठेवतात अशी माझी समजूत. कधी विचारलंच नाही. माझे डोळे भरून आले आणि भर स्टँडवर मी ते पुसलेही नाहीत.

मग मी मोठ्याने, अगदी परीक्षेत म्हणावं तसं, फ्रेंचमध्ये म्हटलं की माझे वडील पोलादपूरच्या शाळेत शिपाई होते. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा अडखळले.

"काय बोललात?" काशीबाईने विचारलं.

"बाबांबद्दल बोलले. घंटा द्यायचे, ते सांगितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि गाडी लागली तशी पिशवी उचलून निघाली.